क्वालिटीवर खर्च केला की जॉबचा खर्च वाढतो की कमी होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भोसरीत तुमची सहा सीएनसी मशीनं आहेत, गाडीच्या पार्टचं लेबर जॉब करता, कच्चा माल कस्टमरचा, आणि आता कस्टमर म्हणतोय क्वालिटी सिस्टम लावा नाहीतर नवीन पार्ट मिळणार नाही. तुमचे सीए म्हणतात यात वर्षाला काही लाख जातील आणि रेट तर एक रुपयाही वाढणार नाही, मग परवडणार कसं. प्रश्न रास्त आहे. मी आधी शॉप फ्लोअरवर आणि नंतर सप्लायर क्वालिटीत बरीच वर्षं काढलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल पण पूर्ण वाचा.

थेट उत्तर आधी. क्वालिटीचा पैसा दोन जागी जातो, एक मशीनपाशी म्हणजे जॉब चुकूच नये म्हणून, आणि दुसरा इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी म्हणजे चुकलेला जॉब शोधून काढायला. मशीनपाशी घातलेला पैसा तुमचा खर्च कमी करतो, टेबलापाशी घातलेला वाढवतो. आणि होतं काय, की कस्टमरची तक्रार आली की बहुतेक छोटे कारखाने आणखी एक टेबल टाकतात, आणखी दोन पोरं चेकिंगला बसवतात, आणि सहा महिन्यांनी म्हणतात की क्वालिटी फार महाग पडते. महाग पडतेच ती, कारण चुकीच्या जागी केलेली असते.

आता लेबर जॉबचं गणित बघा, कारण यात स्वतःचा माल असलेल्यापेक्षा धोका जास्त आहे आणि हे कोणी कागदावर मांडत नाही. समजा फोर्जिंग (ठोकून आकार दिलेला कच्चा पार्ट) १४० रुपयांचं आहे, तुम्हाला मशीनिंगचे २२ मिळतात, त्यात तुमचा खर्च १९, म्हणजे पीसमागे ३ रुपये सुटतात (आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे घालून बघा). एक पीस बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, ओव्हरसाईज गेला. कस्टमर मटेरियलचा १४० चा डेबिट टाकणार, म्हणजे तुमच्या बिलातून कापणार, तुमचे १९ त्यावर आधीच खर्च झालेत, भंगाराचे समजा ४० परत आले. निव्वळ नुकसान ११९ रुपये. पीसमागे ३ रुपयांनी हे ११९ भरून काढायला चाळीस चांगले पीस काढावे लागतात. एका पीससाठी चाळीस.

याच हिशोबाने शंभरात एक पीस गेला तर ९९ पीसचे २९७ रुपये सुटले आणि त्यातून ११९ वजा, राहिले १७८. म्हणजे ३०० च्या जागी १७८, नफ्यातला ४० टक्के वाटा गेला, आणि बोलताना आपण म्हणतो "एक टक्का रिजेक्शन तर चालतंच". अडीच टक्क्याला नफा शून्य होतो आणि त्याच्या पुढे तुम्ही कस्टमरचं काम पदरचे पैसे घालून करताय. मी कितीतरी मालक असे बघितलेत जे रेटमध्ये ५० पैसे वाढवून घ्यायला पर्चेसवाल्यापाशी वर्षभर फेऱ्या मारतात आणि इकडे रिजेक्शन अर्धा टक्का खाली आणलं तर वरच्या हिशोबाने पीसमागे ६० पैसे घरातच मिळणार असतात, तिकडे लक्ष नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माणूस दिवसरात्र राबत असतो.

हे फक्त आपल्या लाईनीतलं नाही. इचलकरंजीला जॉबवर यंत्रमाग चालवणाऱ्यांचं असंच असतं, सूत व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या गणतीवर) पैशात ठरलेली, आणि कापडात दोष निघाला की कपात होते ती सुताच्या आणि कापडाच्या किमतीवर. मजुरी लहान आणि माल महाग असेल तिथे एक दोष कितीतरी मीटरची कमाई खातो. धंदा कोणताही असो, मालाची किंमत आणि तुमची मजुरी यांचं प्रमाण काय ते आधी बघायचं, त्यावरून कळतं की तुम्हाला क्वालिटी किती जिव्हाळ्याची आहे.

पुढचा मुद्दा, दोष कुठे सापडला त्यावर त्याची किंमत ठरते. मशीनवरच सापडला तर एक पीस गेला. तोच पार्ट पुढे हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग होऊन फायनल तपासणीला सापडला तर त्या सगळ्याचा खर्च वर चढला. आणि कस्टमरच्या लाईनीवर सापडला तर मग बघायलाच नको, त्यांच्या स्टोअरमधला माल, रस्त्यात असलेला टेम्पो, तुमच्याकडे पडलेला स्टॉक, सगळं अडकवून सॉर्टिंग करायचं, ते पण त्यांच्या आवारात थर्ड पार्टीची माणसं लावून आणि बिल तुमच्या नावावर. वर चांगला माल तातडीने पोचवायला स्पेशल गाडी. तुमचा माणूस दोन दिवस तिथे उभा, मग ८डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत लिहायचा), मग महिनाभर शंभर टक्के तपासून हिरवा ठिपका लावून पाठवा. दोष असलेले पीस कदाचित दहाच असतील, पण बिल हजारो पिसांच्या सॉर्टिंगचं येतं. आणि गाडी रस्त्यावर गेल्यावर सापडला तर कंपन्या बुडतात, ताकाता ही जपानची एअरबॅगची एवढी मोठी कंपनी, इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडत होतं, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळालाय, त्यामुळे गाडीवाल्या कंपन्या आता सप्लायरकडून एकेका बॅचचा माग मागतात, आणि तुमचा कस्टमर तुमच्या मागे लागलाय त्याचं एक कारण हे पण आहे.

आता सीएंनी तुम्हाला "खर्च वाढेल" असं का सांगितलं ते समजून घ्या, त्यांची चूक नाही. त्यांच्यासमोर टॅली आहे आणि टॅलीत सर्टिफिकेशनची फी दिसते, गेजचं बिल दिसतं, कॅलिब्रेशन दिसतं, क्वालिटी इंजिनियरचा पगार दिसतो. पण रिवर्क (चुकलेला पीस परत मशीनवर घेऊन दुरुस्त करणं) कुठे दिसतो? मजुरीत आणि ओव्हरटाईममध्ये मिसळलेला. स्पेशल टेम्पो ट्रान्सपोर्टमध्ये गेला, सॉर्टिंगचं बिल किरकोळ खर्चात, आणि डेबिट नोट तर विक्रीतूनच वजा झाली, खर्च म्हणून ती कधी आलीच नाही. म्हणजे चांगलं करायचा खर्च नाव लावून समोर उभा आणि वाईट झाल्याचा खर्च पाच खात्यांत पांगलेला. अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ आर्मंड फायगेनबाम यांनी १९५० च्या दशकातच या खर्चाचे भाग पाडून दाखवले, चूक टाळायचा खर्च, तपासायचा खर्च आणि चूक झाल्याचा खर्च, यातला शेवटचा घरातला वेगळा आणि गिऱ्हाईकाकडचा वेगळा. तुम्ही सीएंना सांगून एवढंच करा, टॅलीत रिवर्कची मजुरी, मटेरियलचे डेबिट, सॉर्टिंग आणि स्पेशल ट्रान्सपोर्ट अशी चार लेजर उघडा आणि तीन महिने इमानदारीने भरा. मग परत त्यांनाच विचारा की परवडतं का. रिवर्कची नोंद ठेवणं थोडं अवघड जातं, कारण पीस शेवटी ओके म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे मशीनवरच एक साधी वही ठेवा, कोणता पार्ट, किती पीस परत मारले, किती वेळ गेला, बास.

त्यात एक गोष्ट मुद्दाम शोधा. ऑपरेटर बोअर मारताना घाबरून खालच्या लिमिटला ठेवतो, कारण अंडरसाईज झाला तर परत मारता येतो पण ओव्हरसाईज झाला तर स्क्रॅप आणि बोलणी खावी लागतात. मग दर शिफ्टला चाळीस-पन्नास पीस अंडरसाईज निघतात, ते कोपऱ्यात साठतात आणि शनिवारी ओव्हरटाईम लावून परत मारले जातात. रिपोर्टमध्ये रिजेक्शन शून्य पॉइंट काहीतरी, आणि शनिवारचा अख्खा दिवस मशीन त्याच कामात. ते मशीन जर तुमचं सगळ्यात भरलेलं मशीन असेल तर त्या दिवसाचं नवं काम गेलं, तो तोटा कोणत्याच लेजरमध्ये येणार नाही पण तो सगळ्यात मोठा असू शकतो.

मशीनपाशी पैसा घालायचा म्हणजे नेमकं काय, हे एका बोअरवरून सांगतो. ३५ एच७ (एच७ म्हणजे भोकाच्या मापात किती फरक चालतो त्याचा दर्जा) घ्या, म्हणजे ३५.००० ते ३५.०२५ मिलिमीटर, पंचवीस मायक्रॉनचा खेळ, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पहिलं म्हणजे मोजमाप. बोअर गेज सेटिंग रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) नीट सेट होतो का, तीन वेगळ्या ऑपरेटरनी तोच पीस मोजला तर तेच रीडिंग येतं का. गेज आर अँड आर म्हणून जी स्टडी असते तिच्यात फरक १० टक्क्यांच्या आत असला तर चांगलं, ३० च्या वर गेला तर तो गेज त्या कामाला चालत नाही. खराब गेजने दुहेरी तोटा होतो, चांगला माल फेकला जातो आणि खराब माल पुढे जातो. यात तापमान पण येतं, स्टील एका डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३५ च्या बोअरला रिंगपेक्षा जॉब १० डिग्री गरम असेल तर ४ मायक्रॉन मोठा दिसतो. मशीनमधून काढल्या काढल्या मोजला, ओके दिसला, गार झाल्यावर ४ मायक्रॉन लहान. पंचवीसातले चार असे फुकट गेले. उपाय काय तर जॉब आणि रिंग एकाच तापमानाला येऊ द्या, दोन मिनिटं थांबा, याला खर्च काहीच नाही. डिसेंबरात सकाळच्या शिफ्टला पहिला तासभर साईज हलत राहते ते मशीन गार असतं म्हणून, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप प्रोग्रॅम चालवा, त्याची वीज लागते तेवढीच.

दुसरं, ऑफसेटची, म्हणजे मशीनमध्ये टूलला दिलेल्या करेक्शनची, छेडछाड. चांगला मेहनती ऑपरेटर असतो आणि तो प्रत्येक पीसनंतर रीडिंग बघून दोन मायक्रॉन इकडे दोन तिकडे करत बसतो, त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. प्रोसेस स्थिर असताना प्रत्येक पीसला जेवढा फरक दिसला तेवढी करेक्शन दिली तर साईजचा पसारा जवळपास ४० टक्के वाढतो, हे गणिताने सिद्ध होतं आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग नरसाळ्यातून गोट्या टाकून हेच दाखवायचे. कधी हात लावायचा आणि कधी नाही हे ठरवायला कंट्रोल चार्ट असतो, वॉल्टर शेवार्ट यांनी ती कल्पना १९२४ मध्ये मांडली, आज शंभर वर्षं होऊन गेली आणि आपल्याकडे तो चार्ट ऑडिटसाठी भिंतीवर चिकटवलेला असतो. ऑपरेटरला स्वतःला पेनाने पाच पीसचं रीडिंग टाकू द्या, मर्यादेबाहेर गेलं किंवा एकाच बाजूला सलग सरकत चाललं तरच करेक्शन. बोअरमध्ये इन्सर्ट (टूलवरची बदलता येणारी कापणारी टिकली) झिजला की साईज हळूहळू लहान होत जाते, तो सरळ उतार चार्टवर अगदी स्पष्ट दिसतो, म्हणजे किती पीसनंतर किती मायक्रॉनची करेक्शन द्यायची हे आधीच ठरवता येतं.

तिसरं, इन्सर्ट, आणि इथे मालक लोक हमखास वाद घालतात. समजा दोन कोपऱ्यांचा इन्सर्ट २४० ला, म्हणजे कोपरा १२० ला. २०० पीसला बदलला तर पीसमागे ६० पैसे, ताणून २५० ला नेला तर ४८ पैसे, बचत १२ पैसे. पण त्या ताणण्यामुळे २५० पीसमध्ये एकच पीस जास्तीचा गेला तर ११९ भागिले २५० म्हणजे पीसमागे ४८ पैसे गेले. बारा वाचवायला अठ्ठेचाळीस घालवले. टूल क्रिबमध्ये (टूलच्या स्टोअरमध्ये) इन्सर्टची बचत दाखवणाऱ्याला शाबासकी मिळते आणि स्क्रॅप दुसऱ्याच्या नावावर पडतो, म्हणून हे दोन आकडे एकाच कागदावर आणा.

एवढं केलं की सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचा आकडा) १ च्या आसपास असलेला पार्ट बऱ्याचदा नवीन मशीन न घेता १.३३ पर्यंत येतो. प्रोसेस मध्यावर असेल तर सीपीके १ ला दहा लाखात साधारण २७०० पीस बाहेर जातात, १.३३ ला साठच्या आसपास. तिथे पोचलात की मग टेबलावरची शंभर टक्के तपासणी बंद करून ठराविक अंतराने पीस तपासणं सुरू करता येतं (कस्टमरच्या कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी तपासायचं त्या कागदात, बदल मंजूर करून घेऊन, गुपचूप नाही, आणि सेफ्टी कॅरॅक्टरिस्टिक म्हणजे सुरक्षेशी जोडलेलं माप असेल तर त्याचे नियम वेगळे). खर्च खरा उतरतो तो इथे.

शंभर टक्के तपासणीवर लोकांचा फार विश्वास असतो, तो नसावा. आठ तास एकाच जागी बसून दोन हजार पीस डोळ्याने बघणारा माणूस काही दोष सोडणारच, तो कितीही प्रामाणिक असो. आणि मागे फायनल आहे म्हटल्यावर मशीनवरचा माणूस थोडा ढिला पडतो हे पण खरं.

आता क्वालिटी सिस्टमने खर्च खरोखर वाढतो ते कधी, ते पण सांगायला हवं, कारण सल्लागार लोक ते सांगत नाहीत. एकच रीडिंग तीन फॉरमॅटमध्ये लिहायला लावलं की वाढतो. ऑडिटच्या आदल्या रात्री महिनाभराचे चेकशीट बसून भरले तर वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पोरांना कळतं की हे सगळं खोटं आहे, मग खरं रीडिंग कोणी लिहीत नाही. ड्रॉइंगमध्ये ५० मायक्रॉन दिलेत आणि तुमच्याच माणसाने सुरक्षित राहायला सगळीकडे २० करून टाकलेत तर ग्राइंडिंगचा खर्च विनाकारण चढतो. उलट काही ड्रॉइंगमध्ये जुन्या पार्टवरून उचललेली टाईट टॉलरन्स असते जिची असेंब्लीत काही गरज नसते, तिथे कस्टमरच्या डिझाईनवाल्याशी बोला, पार्ट कुठे बसतो ते बघायला मागा, कधीकधी एका ड्रॉइंग बदलाने अख्खं ऑपरेशन वाचतं. फार थोडे सप्लायर हे विचारतात.

आणि सुरुवातीला खर्च दिसायला वाढेलच, याची मनाची तयारी ठेवा. गेज, ट्रेनिंग, फिक्स्चर दुरुस्ती हे पैसे आज जातात आणि रिजेक्शन उतरायला काही महिने लागतात. त्यातून पहिले एक-दोन महिने रिजेक्शनचा आकडा वर गेलेला दिसेल, कारण आतापर्यंत जे पीस चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत गुपचूप जात होते ते आता रेड बिनमध्ये (रिजेक्ट पीसच्या लाल डब्यात) यायला लागतात. इथे बरेच मालक बिथरतात आणि ऑपरेटरच्या पगारातून कापायला लागतात. ते कधीच करू नका. एकदा कापलंत की पीस परत ट्रॉलीत जायला लागतील आणि तुम्हाला आकडा छान दिसेल, डेबिट मात्र येतच राहील. रेड बिन भरलेला दिसला तर रोज सकाळी तुम्ही स्वतः, सेटर (मशीन सेट करून देणारा) आणि ऑपरेटर असे तिघं त्यासमोर दहा मिनिटं उभे राहा, एकेक पीस हातात घ्या आणि कुठल्या मशीनचा, कुठल्या वेळेचा, कुठला टूल लागलेला असताना गेला हे विचारा, आवाज न चढवता. मी जिथे जिथे खरा बदल झालेला बघितला तिथे मालक रोज त्या बिनपाशी येत होता.

हे आपल्याकडे होतं का असं कोणी विचारलं तर चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनचं उदाहरण आहे, तिच्या ब्रेक विभागाला १९९८ मध्ये डेमिंग प्राईझ (जपानचं क्वालिटीचं बक्षीस) मिळालं आणि ते मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. नंतर २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागालाही ते मिळालं. कंपन्या मोठ्या आहेत, पण त्यांच्याही शॉपवर काम तेच असतं, एकेका दोषाच्या मागे लागून कारण शोधायचं.

सर्टिफिकेटबद्दल. कस्टमरला लेखी विचारा की नेमकं काय हवंय. आयएटीएफ १६९४९ हे ऑटोवाल्यांचं, २०१६ पासूनचं, आणि त्याची तयारी सहा मशीनच्या शॉपला जड जाते, पण तुम्ही दुसऱ्या फळीतले सप्लायर (गाडीवाल्या कंपनीला नाही, तिच्या सप्लायरला माल देणारे) असाल तर बऱ्याचदा आयएसओ ९००१ पासून सुरुवात केलेली चालते. त्याशिवाय एमएसएमई मंत्रालयाची झेड स्कीम बघा, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट, २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली, ब्राँझ सिल्व्हर गोल्ड असे टप्पे आहेत आणि सर्टिफिकेशनच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सबसिडी ठरवलेली होती. अर्ज करायच्या आधी आत्ताच्या अटी पोर्टलवर बघून घ्या.

शेवटी माणसांचं. बाहेरून लगेच मोठ्या पगाराचा क्वालिटी मॅनेजर आणू नका. तुमच्याकडे जो सगळ्यात चांगला सेटर आहे, ज्याला आवाजावरून कळतं की टूल गेलाय, त्याला एक पार्ट द्या, मटेरियल सगळ्यात महाग आणि डेबिट सगळ्यात जास्त असलेला, आणि सांगा की तीन महिने हाच तुझा विषय, प्रॉडक्शनचं टार्गेट तुझ्यावर नाही. त्याला एक नवा बोअर गेज, एक सेटिंग रिंग आणि मशीन थांबवायचा अधिकार द्या. टेबलावर चेकिंगला बसलेली जी पोरं आहेत त्यांना काढू नका, त्यांना मोजता येतं, ड्रॉइंग वाचता येतं, त्यातल्या एकाला त्या सेटरच्या हाताखाली मशीनवर चार्ट टाकायला द्या. पहिल्या पार्टचा हिशोब चार लेजरमध्ये दिसायला लागला की दुसरा पार्ट घ्या.